सहाव्या मजल्यावरचा कूलर

फोन आला तेव्हा मी माणमध्ये एका बिल्डिंगच्या गच्चीवर टाकीचा बॉलकॉक बदलत होतो. फोन जांब्यातल्या एका घरमालकाचा होता. त्याच्या बिल्डिंगमधली नळाची सगळी कामं मीच करतो.

"सहाव्या मजल्यावरच्या मॅडमचा कूलर गळतुया," तो म्हणाला. "खालच्यांच्या छताला ओल आलीया. आजच्या आज जाऊन बघ."

मे महिना होता, घरोघरी कूलर चालू होते. मी पिशवीत कूलरचा एक छोटा पंप टाकला, पाइपाचा तुकडा घेतला आणि निघालो.

दार उघडलं ते तिशीच्या आसपासच्या एका बाईंनी. कंपनीतल्या, घरूनच काम करणाऱ्या. डाव्या पायाच्या बोटांना पट्टी बांधलेली होती आणि त्या टाच टेकवून चालत होत्या.

"कूलर कुटं हाय, ताई?"

"किचनमध्ये, दादा."

स्वयंपाकघरात कोण कूलर ठेवतं, असं मनात आलं. आत गेलो तर ओट्यावर निळा आइसबॉक्स. सहलीला जाताना बर्फ आणि बाटल्या ठेवायला नेतात तसला, जाड भिंतीचा, मोठा. मॅडमचा कूलर म्हणजे हा. खालच्या बाजूला भोक पाडून प्लॅस्टिकची तोटी बसवलेली आणि तोटीभोवती पांढरं सिलिकॉन थरावर थर थापलेलं. ते बघून मला हसू यायला हवं होतं. पण त्याआधी वास आला.

आंबलेल्या पिठाचा, थोडा गोड, थोडा तुरट. ओट्याखाली पांढरी झाकणबंद बादली होती. झाकणातून एक छोटी नळी वर आली होती, तिच्यात पाणी होतं, आणि दर थोड्या वेळानं त्यातून बुडबुडा फुटत होता. बुळुक. मग शांत. मग पुन्हा बुळुक.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ते मी सोडलं नव्हतं, आपोआप सुटलं. आणि लगेच मानेवरून घाम उतरला.

मी अकरा वर्षं पीत होतो. आमची जमीन आयटी पार्कच्या फेजमध्ये गेली, हाताला काम राहिलं नाही, तेव्हापासून. नळकामही मी पिण्याच्या त्याच काळात शिकलो. घरी गीझर मीच बसवला. दुपारीच घेतलेली होती. गरम पाण्याचा जोड हातानं फिरवून ठेवला, पाना लावायचा राहून गेला. संध्याकाळी बायको बादली भरायला गेली आणि जोड सुटला. तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. मी दारात उभा होतो आणि मला धड तिच्यापर्यंत पोचताही येत नव्हतं, भिंतीला धरून चाललो. त्यानंतर सोडली. त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत मी दारूच्या दुकानाचा रस्ता टाळला, लग्नातल्या पंगती टाळल्या, दोन जुने मित्र टाळले. पण नळाच्या कामाला गेल्यावर ओट्याखाली ती अशी माझी वाट बघत बसलेली असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"हे काय बनवता, ताई?" मी विचारलं.

"बिअर. छंद म्हणून." त्यांनी सरळ सांगितलं. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे जव, भरडायचे, सदुसष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे, मग त्याचा गोड रस खालून काढून घ्यायचा, उकळायचा आणि आंबवायला ठेवायचा. आइसबॉक्स बर्फ थंड ठेवतो तसाच गरम पाणीही गरम ठेवतो, म्हणून तो घेतला. पण तोटीपाशी गळती थांबत नव्हती. दोन दिवसांपूर्वी तोटी मुळातूनच निसटली आणि सगळं गरम पाणी पायावर आलं.

"परवाना?"

"दादा, विकत नाही मी. मित्रमैत्रिणींपुरतं करते."

म्हणजे परवाना नव्हता. मी लहान असताना गावाच्या ओढ्याकडेला पडलेली धाड मला आठवली, फुटलेले माठ, पळणारी माणसं. पण खरं सांगायचं तर पोलिसांची भीती दुसऱ्या नंबरला होती. बादलीतून बुडबुडा फुटला की माझं लक्ष तिकडं जात होतं आणि ते मला आवरता येत नव्हतं.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं हे," मी म्हणालो आणि पिशवी उचलली.

"बरं." त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "मग मीच परत सिलिकॉन लावून बघते. शनिवारी पुढची खेप करायची आहे."

मी चपला घातल्या. आणि नजर पुन्हा त्या पट्टीवर गेली. सिलिकॉन लावून ते टिकणार नव्हतं, हे मला दिसत होतं. बॉक्सची भिंत दुहेरी असते, आत प्लॅस्टिक, बाहेर प्लॅस्टिक, मध्ये फोम. तोटीचा नट जितका आवळाल तितका फोम दबतो, भिंत आत जाते, जोड सैल तो सैलच. त्यात गरम पाण्यानं प्लॅस्टिक मऊ पडतं. शनिवारी वीस-बावीस लिटर पाणी, बाईंच्या छातीच्या उंचीला, आणि घरात दुसरं कोणी नाही.

"तो बॉक्स द्या," मी म्हणालो. "घरी नेऊन करतो."

घरी नेला म्हणजे ती बादली डोळ्यांसमोर नसेल, एवढाच हिशोब होता.

बायको तेव्हा आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या मागं कपडे वाळत घालत होती. मी बॉक्स पडवीत ठेवला.

"हे काय आणलं?"

"मासेवाल्याचा हाय. तोटी बसवायचीया."

मी विचार करून खोटं बोललो नाही. ते तयारच होतं, जिभेवर बसलेलं. पिण्याच्या दिवसांत मी असाच बोलायचो, अडखळत नसे. चार वर्षांनी ते तसंच्या तसं बाहेर आलं आणि मी पडवीत उभ्या उभ्या गार पडलो. मला वाटलं होतं, दारूबरोबर तेही गेलं असेल.

संध्याकाळी मी जेवायला बसलो तेव्हा ती माझ्यामागं आली. "कॉलरला काय लागलंय बघू," म्हणाली आणि वाकली. कॉलरला काही लागलेलं नव्हतं. पूर्वी ती रोज असंच करायची, कॉलर झटकायच्या निमित्तानं माझा श्वास हुंगायची. चार वर्षांत एकदाही केलं नव्हतं. मी प्यायलो नव्हतो, तरी सापडल्यासारखा बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. जुनं सिलिकॉन खरवडून काढलं. भोक जरा मोठं केलं आणि भिंतीच्या जाडीएवढा पाइपाचा कडक तुकडा कापून त्यात बसवला, म्हणजे नट आवळला की जोर त्या तुकड्यावर येईल, फोमवर येणार नाही. आत-बाहेर सिलिकॉनच्या रिंगा घातल्या. साधं रबर गरम पाण्यात सुटतं आणि वास मारतं. स्टीलची तोटी, टेफ्लॉन टेप, जोड सैल पडू नये म्हणून दोन्हीकडून चेकनट. आतल्या तोंडाला गाळणी हवी होती. गीझरला लावतात त्या पाइपावर स्टीलच्या तारांची जाळी असते, तिच्यातलं रबर ओढून काढलं आणि नुसती जाळी तोटीला जोडली. दाणा आत राहील आणि रस बाहेर येईल.

हात चालत होते तोवर बरं वाटत होतं. पण बॉक्समध्ये वाकलो की तळातून तो वास यायचा. मी तीन वेळा साबणानं धुतला, लिंबू चोळलं. तरी यायचा. पुढंपुढं तो बॉक्सला येतोय की माझ्या डोक्यातच आहे, तेही कळेना.

गार पाणी भरून दिवसभर ठेवला. खालची फरशी कोरडी राहिली. पण गार पाण्यावर माझा विश्वास नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशी मागच्या अंगणात चुलीवर हंडाभर पाणी तापवलं आणि बॉक्समध्ये ओतलं. वीसेक मिनिटांनी तोटीच्या खाली एक थेंब धरला. गरम पाण्यानं भिंत मऊ झाली होती. गरम असतानाच नट आणखी आवळायला हवा होता. मी हाताला फडकं गुंडाळलं, पाना लावला, आणि मागं पावलं वाजली.

बायको दोन हात मागंच थांबली. वाफ बघून तिनं उजवा हात पदराखाली घेतला. तिला ते कळलंही नसेल.

"मासं गरम पाण्यात ठेवत्यात व्हय?" तिनं विचारलं.

मी नट आवळला, थेंब थांबला, पण पाना हातातच राहिला. मग मी सगळं सांगितलं. सहावा मजला, ती बाई, बादली, पायाची पट्टी. सांगताना तिच्याकडं बघवत नव्हतं, मी तोटीकडं बघून बोललो.

"वास आला तवाच कळलं मला," ती म्हणाली. "तुमी कधी सांगताय, वाट बघत हुते." मग विचारलं, "घेतली का?"

"न्हाई."

"शपथ?"

"शपथ नको घालू. शपथा लई झाल्या माझ्या."

ती चुलीपाशी बसली. लाकूड आत सारलं, उगाचच, पाणी तापवायचं संपलं होतं.

"नेऊन द्या आन मोकळं व्हा," ती म्हणाली.

"आन तितं गळलं तर? तिचा पाय आधीच भाजलाय. आता हितं टिकलं, पण तितं तिच्या पाण्यानं, तिच्या आचेनं तासभर बघावंच लागंल."

"तासभर? त्या बादलीपाशी?"

"व्हय."

तिनं सारलेलं लाकूड परत बाहेर ओढलं. "मी येते," म्हणाली.

शनिवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून जांब्याला गेलो. ती मागं, आणि आमच्या दोघांच्या मध्ये बॉक्स. लिफ्टमध्ये मला वाटलं, सांगावं तिला, तू खाली थांब, मी दहा मिनिटांत येतो. असं वाटल्याबरोबर माझी मलाच भीती वाटली. तिला खाली ठेवून मला वर काय करायचं होतं?

दार उघडल्यावर त्या बाई हसून "या वहिनी" म्हणाल्या. बायकोनं चपला काढल्या आणि उंबऱ्यातच बोलली.

"ताई, ह्यास्नी दारूचा आजार हाय. चार वर्षं झाली, बंद हाय. तुमची ती बादली जरा नजरेआड ठेवता का?"

मी फरशीकडं बघत राहिलो. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकांपैकी कोणालाच नव्हतं. बाईंचा चेहरा पडला. त्या लंगडत आत गेल्या, बादली बाल्कनीत सरकवली आणि काचेचं दार ओढून घेतलं. खिडक्या उघडल्या. पंखा मोठा केला.

"मला माहीत नव्हतं, दादा. सॉरी."

"कसं कळणार?" बायको म्हणाली. "कपाळावर लिवलेलं असतंय का?"

मला आधी नुसत्या पाण्यानं बघायचं होतं. पण त्यांनी पाणी मापून तापवलं होतं, सातू भरडून ठेवले होते. तुम्ही घरी बघितलंच आहे ना, म्हणाल्या. मी त्यांना लांब उभं केलं आणि पाणी मी स्वतः ओतलं. मग सातू. मग ढवळून थर्मामीटर धरला, सदुसष्ट. झाकण लावलं. तोटीभोवती टिश्यू पेपर गुंडाळला आणि खालीही एक अंथरला. एक थेंब जरी सुटला तरी कागद सांगणार होता.

आणि आम्ही तिघं बसलो. बाई खुर्चीवर, मी ओट्यासमोर स्टुलावर, बायको माझ्याशेजारी उभी. बस म्हटलं तरी बसली नाही.

मी वासाची तयारी करून गेलो होतो. दात घट्ट आवळून बसलो होतो. पण झाकणाच्या फटीतून जो वास आला तो दारूचा नव्हताच. लापशी शिजताना येतो तसा होता, गरम, गोड, दाण्याचा. वाईट वास असता तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं. हा इतका घरातला वास होता की मी आवळलेले दात कधी सुटले ते मला समजलं नाही, आणि सुटलेले समजल्यावर मी जास्तच घाबरलो. काचेचं दार बंद होतं, तरी मला बाल्कनीतला बुडबुडा ऐकू येत होता. खरंच येत होता की नाही, सांगता येणार नाही.

चाळीस मिनिटं झाली असतील. तोटीच्या वरच्या बाजूला कागद ओला झाला. आधी टिकलीएवढा डाग. मग नखाएवढा.

"मागं व्हा!" मी ओरडलो. बायकोचा हात धरून तिला मी जवळजवळ ढकललंच. बाई खुर्चीवरून उठल्या. मी पाना उचलला, पण लावायचा कुठं? गळती असेल तर आवळायला हवं, आणि गळती नसताना वेड्यासारखं आवळलं तर आतली रिंग कापली जाणार.

कागद मी काढून घेतला. ओला होता, कोमट होता. वाफेचं पाणी की आतला रस?

"चव घेऊन बघा ना, दादा," बाई मागून म्हणाल्या. "रस असेल तर चिकट गोड लागेल. त्यात अजून अल्कोहोल अजिबात नाही. नुसतं साखरपाणी आहे."

त्यांचं खरं होतं. मला पटत होतं. ते आंबवल्याशिवाय दारू होत नाही, तेवढं मला त्यांच्याहून जास्त कळतं. पण कागद धरलेला हात वर उचलला जाईना. छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. तोंडापर्यंत गेला नाही आणि खालीही गेला नाही. गोड लागलं तर? आणि आवडलं तर? उद्या हेच मी स्वतःला सांगेन, त्यात काही नव्हतं, नुसतं साखरपाणी होतं. परवा आणखी काहीतरी सांगेन. स्वतःला सांगायला मला कधी कमी पडलेलं नाही.

बायकोनं माझ्या बोटांतून तो कागद काढून घेतला. तिनं आयुष्यात कधी असल्या कशाला हात लावला नव्हता. देवळातल्या तीर्थालाही ती आधी हुंगून बघते, असं मी तिला चिडवायचो. तिनं कागद जिभेला लावला. डोळे मिटले. पुन्हा लावला.

"गोड न्हाई," ती म्हणाली. "नुसतं पाणी हाय. वरनं वघळलंय."

मी झाकणाच्या कडेला बोट फिरवलं. फटीतून निघालेली वाफ कडेवर गार होऊन थेंबाथेंबानं भिंतीवरून खाली येत होती. तोटीच्या खालची बाजू मात्र कोरडी होती. मी सगळं पुसलं, झाकणाच्या फटीत फडकं खोचलं आणि नवा कागद गुंडाळला. उरलेली वीस मिनिटं मी त्या कागदावरून नजर हलवली नाही. तो शेवटपर्यंत कोरडा राहिला.

बाईंनी चहा केला. बायको तो उभ्यानंच प्यायली. "एकट्या असताना गरम पाणी उचलत जाऊ नका," निघताना तिनं त्यांना बजावलं. "आन बॉक्स ओट्यावर नगं. खाली ठेवा, पायापासनं लांब." बाई लहान मुलीसारख्या हो म्हणाल्या.

परतताना माणच्या अलीकडं तिनं स्कूटर थांबवायला लावली. डिकीतली पाण्याची बाटली घेतली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा.

"पाणीच हुतं म्हणालीस ना?" मी विचारलं.

"पाणीच हुतं. पण वास राह्यला तोंडात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चांगला हुता वास. त्याचंच भ्या वाटलं मला."

तीन आठवड्यांनी त्या बाईंचा मेसेज आला. बॉक्स एक थेंब गळत नाही, खालच्यांची ओलही वाळली, असं लिहिलं होतं. खाली एक फोटो होता. तो उघडायच्या आधीच मला कळलं, काय असणार. फोन तसाच बायकोच्या हातात दिला. तिनं बघितलं, काहीतरी दाबलं आणि परत दिला. फोटो गेला होता.

त्यानंतर त्यांच्या ओळखीच्या दोघांचे फोन आले, आम्हालाही तसा बॉक्स करून हवाय. मी गेलो नाही. पाइपाचा तुकडा कसा कापायचा, रिंगा कसल्या घ्यायच्या, नट गरम असताना का आवळायचा, ते सगळं फोनवर सांगितलं. कोणी भाजू नये. एकानं विचारलं, येत का नाही, लांब पडतं का? मी हो म्हणालो. म्हणजे पुन्हा खोटंच. ते मात्र बायकोला त्याच दिवशी सांगितलं.

पिरंगुटला एका शाळेच्या खोलीत आमच्यासारख्यांची बैठक भरते, गुरुवारी संध्याकाळी. दारू सोडली तेव्हा पहिलं वर्षभर मी जायचो. मग बरं वाटायला लागलं आणि बंद केलं होतं. आता पुन्हा जातो. पहिल्या दिवशी उभं राहून हे सगळं सांगितलं. सांगताना टिश्यू पेपरपाशी आल्यावर मी थांबलो आणि खाली बसलो. एका म्हाताऱ्यानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

बायको बरोबर येते. आत येत नाही, शाळेच्या पायरीवर बसते. तिथं आणखी दोघीतिघी बसलेल्या असतात, त्यांच्याशी बोलत राहते. अजून भीती वाटते का, असं मी तिला विचारत नाही. तीही मला विचारत नाही.